दारूच्या गोळीवर असताना ऑपरेशन

प्रश्न : माझे मालक अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. दारू सुटावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना नाल्ट्रेक्झोनची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी दिली आहे. जाऊबाई म्हणतात, प्यायल्यावर उलटी करवणारी ती हीच, भाजीत कालवून दे. पुढच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. गोळी चालू ठेवू का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, भाजीत काहीही कालवू नका. उलटी करवणारी गोळी वेगळी, डायसल्फिराम. ती चोरून दिली आणि माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. नाल्ट्रेक्झोनचं काम निराळं. दारू पोटात गेली की मेंदू स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं सोडतो, एंडॉर्फिन. ती ज्या जागी बसून मजा आणतात, ती जागा ही गोळी आधीच अडवते. पाय लटपटायचे ते लटपटतातच, पण पिण्यातली लज्जत जाते आणि हळूहळू ओढही कमी होते.

ऑपरेशनचं विचारलंत ते फार बरं केलंत. मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रामाडॉल ही वेदनाशामकं त्याच जागेवर लागू पडतात. जागा अडलेली असली की त्यांचा गुण येत नाही, आणि गुण येईना म्हणून डोस वाढवत नेला तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं पाकीटच नेऊन दाखवा. साधारण ७२ तास आधी ती थांबवतात; पण कधी बंद आणि कधी पुन्हा सुरू, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. कमरेत सुई देऊन केलेली बधिरता, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक यांच्या आड ही गोळी येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त काळजी वाटते ती पाठदुखीच्या गोळ्यांची. माझ्याकडे येणारे मागावरचे कामगार खिशातून पाकिटाचा कापलेला तुकडा काढतात, औषधाचं नाव अर्धंच उरलेलं. त्यात कधी ट्रामाडॉल निघतं. शरीराला त्याची सवय झालेली असताना वरून नाल्ट्रेक्झोन घेतलं, तर जांभया, घाम, पोटात कळा, जुलाब असे हाल सुरू होतात. म्हणून अशी औषधं बंद होऊन ७ ते १० दिवस गेल्याशिवाय ही गोळी देत नाहीत. ऑपरेशननंतर ती पुन्हा सुरू करतानाही हाच हिशेब. मालकांना न रागावता विचारा आणि जे काही घेत असतील ते डॉक्टरांसमोर ठेवा. यकृताची रक्ततपासणी झाली नसेल, तर तीही त्याच फेरीत करून घ्या.