पॅरा एसएफच्या (लष्कराच्या पॅराशूट स्पेशल फोर्सेसच्या) प्रोबेशनची, म्हणजे निवडीच्या खडतर टप्प्याची, तयारी करतोय, ठाण्यात राहतो. मोबिलिटीला (सांधे मोकळे हलावेत म्हणूनच्या व्यायामाला) वेगळा वेळ द्यावा का?

हो, दे रे, पण रोज 10-15 मिनिटं खूप झाली. पाठीवर वजन घेऊन येऊरचा चढ चढताना घोटा नीट वाकत नसला की ताण गुडघ्यावर नाहीतर कंबरेवर जातो, म्हणून आधी घोटा बघ: अनवाणी भिंतीसमोर उभा राहा, अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंमी लांब, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? नाही टेकला तर रोज तेच कर, हळूहळू, दोन्ही पायांनी. मग हिप्स आणि पाठीचा वरचा भाग, सॅकने तो आखडतोच. पळायच्या आधी लेग स्विंग (पाय पुढे-मागे झुलवणं), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), ताणून धरायचं स्ट्रेचिंग नंतर. आणि नडगी दुखत असेल तर ताणत बसू नको प्लीज, फिजिओला दाखव, स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तर काही महिने जातात.