गुडघ्याच्या संधिवातावर नैसर्गिक उपचारांनी खरंच फरक पडतो का? आईला ऑपरेशन नको आहे, एका वैद्यांच्या पुडीने बऱ्याच जणांना गुण आलाय म्हणतात, चालू करू का?

पुडीचं विचारलंत म्हणून लिहायला बसले, नाहीतर तेल आणि काढे सांगणारे इथे ढीगभर आहेत, मी आणखी काय सांगणार.

पुडी चालू करू नका. आता का ते सांगते.

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेले. एक्सरे काढला, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मांडीचे व्यायाम करा, वजन उतरवा, फारच दुखलं तर गोळी घ्या, ऑपरेशनचं पुढे बघू. घरी आल्यावर सगळ्यांचं एकच मत, डॉक्टरांनी काही दिलंच नाही. फी घेतली आणि व्यायाम सांगितला, हा काय उपचार झाला? त्यात माझे थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांना त्यांच्या मित्राने राज्याच्या बॉर्डरपलीकडच्या एका गावातला वैद्य सांगितला. पहाटे चारला नंबर लावावा लागतो, पैसे इच्छेने द्या, वगैरे. दादा जाऊन पुड्या घेऊन आले. राखाडी पावडर, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, नाव नाही, लेबल नाही, बिल नाही. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायची आणि वांगं, आंबट, हरभऱ्याची डाळ बंद.

आणि गुण आला, ते मी नाकारत नाही. आठवडाही झाला नसेल, सासूबाई जिना उतरून एकट्या देवळात जाऊन आल्या. दादांनी अख्ख्या भावकीत फोन केले. मी तेव्हाच म्हटलं की झाडपाल्याने इतक्या लवकर गुण येत नाही, पुडीत काय आहे ते विचारा तरी. तर म्हणाले वैद्य आपलं औषध सांगत नसतात, आणि तुला शाळेत विज्ञान शिकवून शिकवून सगळ्यावर संशय घ्यायची सवय लागलीय. जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर.

पुढे सासूबाईंचा चेहरा गोल गरगरीत व्हायला लागला. शेजारणी म्हणायच्या, आज्जी तब्येत सुधारली हो. हाताला नुसतं काही लागलं तरी काळंनिळं. एका गोळीवर असलेली साखर तीनशेच्या वर. शेवटी फिजिशियनकडे नेलं तर त्यांनी बघताक्षणी विचारलं, कुठली पुडी चालू आहे? सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, ते पार तळाला गेलेलं. म्हणजे पुडीतून स्टिरॉइड मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं बनवणंच सोडून दिलं होतं. मग मोजून मापून स्टिरॉइडची गोळी देत, ती हळूहळू कमी करत यातून बाहेर काढलं, त्यात कितीतरी महिने गेले. आणि दादा आजही म्हणतात की डॉक्टरांनी पुडी मध्येच तोडली, नाहीतर आई पळाली असती!

"बऱ्याच जणांना गुण आला" याचं आणखी एक सांगते. अमेरिकेत ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली होती, २००६ साली निकाल आला, दीड हजारावर गुडघेदुखीचे पेशंट. त्यात ज्यांना नुसती औषध नसलेली खोटी गोळी दिली होती त्यातल्याही शंभरात साठ जणांना बरं वाटलं. ग्लुकोसामाइनने एकूणात त्याहून वेगळं काही घडलं नाही, तरी आपल्याकडे लोक त्याच्या महागड्या बाटल्या घेतातच. तेव्हा चार जणांना बरं वाटलं हा पुरावा नाही, हे मी दादांनाही सांगितलंय, ते उठून टीव्ही लावतात.

आता तुमचा खरा प्रश्न. फरक पडतो, पण सगळ्यात जास्त पडतो त्या गोष्टींना कोणी उपचार म्हणत नाही. फिजिओथेरपिस्ट मुलीने सासूबाईंना टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायला शिकवलं, दाबून थोडं धरायचं, सोडायचं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. नंतर हात न टेकता खुर्चीतून उठायचं. मांडीचा पुढचा स्नायू दमदार झाला की गुडघ्यावरचा ताण तो उचलतो, एवढंच त्यातलं गुपित. पहिले काही आठवडे शिव्या पडतात, पडू द्या. दुसरं वजन, एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो. आमच्याकडे गुडघ्यासाठी म्हणून तुपातले डिंकाचे लाडू चालू होते, डिंकाने सांध्यातली झिजलेली गादी भरून येत नाही, माणूस मात्र भरतं. तिसरी गोष्ट, काठी. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, उजवा दुखत असेल तर डाव्या हातात. बरेच लोक उलटी धरतात. सासूबाई वर्षभर काठी घेईनात, लोक म्हातारी म्हणतील म्हणून, वय तेव्हा बहात्तर. आणि कमोड बसवा, यावरही दादांशी भांडण झालंय, त्यांच्या मते उकिडवं बसणं सोडल्यामुळेच पिढी बिघडली. झिजलेल्या गुडघ्याला उकिडवं बसवणं, पाटावर मांडी घालायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

तेलाच्या विरुद्ध मी अजिबात नाही. महानारायण तेल कोमट करून लावा, निर्गुंडीचा पाला बांधा, शेक घ्या, चांगल्या वैद्यांकडे जानुबस्ती करा, म्हणजे उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात ते. बरं वाटतं आणि बरं वाटलं की व्यायाम होतो. झिजलेली गादी यातल्या कशानेच परत येत नाही, "कायमचं बरं" म्हणणाऱ्याकडून तिथूनच उठून या. आणि आयुर्वेद म्हणजे सगळं थोतांड असंही नाही, माझा भाचा डॉक्टर आहे तो असंच बोलतो, त्याचंही मला पटत नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ साली छापून आला, ४४० पेशंट, सहा महिने. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या गोळ्या, त्यातल्या एका प्रकारात गुग्गुळही. वेदना कमी व्हायच्या बाबतीत त्या सेलेकॉक्सिब या पेनकिलरच्या बरोबरीने उतरल्या. पण त्याच अभ्यासात आयुर्वेदिक गोळ्या घेणाऱ्या काहींचे लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसले. म्हणजे औषध आहे तर त्याला साइड इफेक्टही असणार, गुळवेल असो की आणखी काही, घेताय तर लिव्हरची तपासणी करत राहा. महायोगराज गुग्गुळात नाग भस्म असतं, म्हणजे शिसं, ते कोणी सांगितलं म्हणून मनाने खात बसू नका.

हे आधी लिहायला हवं होतं, आधी आईचा झिजेचा संधिवात आहे की आमवात (रुमॅटॉइड) ते ठरवून घ्या. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहत असतील, सांधे सुजून गरम लागत असतील तर ते वेगळं दुखणं, तिथे तेल चोळायला वैद्यसुद्धा नको म्हणतात, वाळूचा कोरडा शेक सांगतात. आणि त्याला संधिवाततज्ज्ञच, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टच लागतो.

ऑपरेशनचं विचाराल तर सासूबाईंचा एक गुडघा शेवटी बदलावा लागलाच. यावर दादा म्हणतात, बघ, तुझ्या व्यायामाने तरी कुठे वाचलं? अहो पण कित्येक वर्षं पुढे गेलं, आणि मांडीत दम होता म्हणून ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या, शेजारच्या कॉटवरची बाई त्यांच्याहून लहान, ती रडत होती. खर्चाचीही दादांनी फार भीती घातली होती, २०१७ साली सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीचा कोबाल्ट क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा बसला होता, त्याआधी दीड लाखाच्या पुढे जायचा. हॉस्पिटलचा खर्च वेगळा हे खरं.

आणि पुडी आधीच चालू करून झाली असेल, आईला महिनाभर वगैरे देऊन झाली असेल, तर माझं वाचून आज एकदम बंद करू नका, बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन एमडी फिजिशियनकडे जा, त्यांना खरं काय ते सांगा. रागावतील, रागावू देत.