बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्यात गादी मुलाला मिळायची, मग सेनापती बंड करून सम्राट कसे होत?

मुलालाच गादी मिळेल असा लेखी कायदा तिथे नव्हता. सैन्य, सिनेट आणि राजधानीतली प्रजा यांनी जयघोष केला की माणूस सम्राट. म्हणून बाप हयातीतच मुलाला सहसम्राट करून मुकुट घालून ठेवी. तरी मुलगा लहान असला की सेनापती पुढे सरसावत. ९६३ मध्ये बेसिल दुसरा पाच वर्षांचा होता, मुकुटही चढलेला होता. पण राज्य आधी निकेफोरोस फोकसने केले, मग त्याचा खून करून योआनेस त्झिमिस्केसने.

बंडाची सुरुवात सोपी असे: छावणीत जयघोष, पायांत सम्राटाचे लाल जोडे. खरी अडचण राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या तटाशी. शहर हाती नाही तोवर सम्राटपद नाही, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे.

९८७ मध्ये बेसिल सम्राट असताना सेनापती बार्डस फोकसने बंड करून बहुतेक आशिया मायनर (आजचा तुर्कस्तान) घेतले. शहरासमोरच्या क्रिसोपोलिसला फौज बसवली आणि सामुद्रधुनीवरच्या अबिडोसला वेढा घातला, म्हणजे धान्याची गलबते अडली. बेसिलने बहीण अ‍ॅना कीव्हचा राजा व्लादिमिर याला देऊन सुमारे ६००० वारांगियन (उत्तरेकडचे व्हायकिंग) योद्धे मिळवले आणि क्रिसोपोलिसची छावणी उधळली. १३ एप्रिल ९८९ रोजी अबिडोसजवळ फोकस बेसिलच्या रोखाने घोडा फेकत असतानाच कोसळून मेला. पुढारीच गेल्यावर फौज पांगली.

१०४७ चे सेनापती लिओ टोर्निकिओसचे बंड मला सर्वांत बोलके वाटते. तटाबाहेर आलेली जमवाजमवीची फौज त्याने उधळली, पण त्याच क्षणी आत घुसला नाही. लोक आपणहून दरवाजे उघडतील अशी त्याला आशा होती. दरवाजे बंदच राहिले, सैनिक फुटले, आणि शेवटी त्याचे डोळे काढले गेले. आंधळा माणूस गादीला अपात्र मानत, म्हणून ही शिक्षा.

सेनापती अलेक्सिओस कोम्नेनोसने १०८१ च्या बंडात तट फोडायचा प्रयत्नच केला नाही. पहाऱ्यावर कोण कोण आहे याची आधी चौकशी केली. सम्राटाचे वारांगियन रक्षक फुटणार नाहीत हे कळल्यावर त्याने जर्मन भाडोत्री सैनिकांचा नायक फितवला, आणि १ एप्रिलला खारिसियोस दरवाजातून फौज आत आली. इथे डाव उलटू शकला असता, कारण सैनिक लुटीसाठी शहरभर विखुरले. पण त्याचा साथीदार जॉर्ज पॅलिओलोगस याने आरमार त्याच्या बाजूला वळवले. अलेक्सिओसची बायको आयरीन दुकास या माजी राजघराण्यातली, म्हणून ते घराणेही पाठीशी होते. त्यांच्या समाधानासाठी त्याने माजी सम्राटाचा मुलगा कॉन्स्टंटाईन दुकास याला सहसम्राट ठेवले. १०९२ मध्ये मात्र तो मान स्वतःच्या मुलाला, योआनेसला दिला.