शेवटच्या दर्शनाची तारीख

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वसंतातील पक्ष्यांचे स्थलांतर पाहायला कोठे जावे, असे तू विचारले आहेस. घरापासून पायी दहा मिनिटांत पोहोचता येईल असे एखादे तळे, ओढ्याचा काठ किंवा झुडपांचा पट्टा निवड आणि दोन महिने तेथेच जात राहा. दूरच्या नामांकित पाणथळीवर एका दिवसात कितीतरी अधिक जाती दिसतील हे खरे; परंतु स्थलांतर ही हालचाल आहे, आणि ती ओळखायची तर तीच जागा काल कशी होती हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

हिवाळी पाहुणे जेथे मुक्कामाला असतात, तेथे वसंत हा मुख्यतः त्यांच्या जाण्याचा काळ असतो. येणारा पक्षी दिसताक्षणीच आल्याचे कळते. शेवटचे दर्शन मात्र घडत असताना शेवटचे म्हणून कळत नाही. पिवळा धोबी आज काठावर शेपूट हलवताना दिसतो, उद्या दिसत नाही, परवाही दिसत नाही, आणि आठवड्याने वही मागे चाळल्यावरच ती तारीख हाती लागते. मी सुरुवातीची कित्येक वर्षे फक्त ‘प्रथम दिसला’ एवढेच लिहीत आलो. त्या वर्षांत पक्षी केव्हा गेले हे आता कशानेही कळणार नाही, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. म्हणून तू रोज लिही, आणि पक्षी न दिसल्याचेही लिही. निरीक्षणाच्या आरंभाची व शेवटाची वेळ टाक, आणि ‘पुष्कळ’ या शब्दाऐवजी, अंदाजाने का होईना, आकडा दे. 2002 साली सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर याच नोंदी भरता येतात, तरीही वही सोडू नकोस, कारण पक्ष्याच्या वागण्याविषयीचे तुझे दोन शब्द तेथेच सुचतील.

निघण्याआधीची तयारी डोळ्यांना दिसते, आणि मला तर हाच या ऋतूतला सर्वांत वेधक भाग वाटतो. नर पिवळ्या धोब्याचे डोके गडद होऊन खालचा पिवळा रंग उजळतो. सोन चिखल्याच्या पोटावर काळे डाग उमटून ते पसरत जातात. पळसमैनेचा गुलाबी रंग तर नवी पिसे न येताच खुलतो, कारण तिच्या पिसांच्या मळकट कडा झिजून जातात. याच काळात हे पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात, कारण पुढच्या प्रवासाचे इंधन तेच असते. दर आठवड्याला एकाच जातीचे शब्दचित्र लिहिलेस, तर हा बदल तुझ्या वहीतच उलगडत जाईल.

या तयारीमागे मुख्यतः वाढत जाणारा दिवस असतो. 1920 च्या दशकात जीवशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी कॅनडातील एडमंटन येथे गोठवणाऱ्या थंडीत जुन्को हे चिमणीएवढे स्थलांतरी पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस लांबवला. भर हिवाळ्यातही त्या पक्ष्यांच्या प्रजननग्रंथी वसंतातल्यासारख्या वाढल्या. पक्षी सज्ज केव्हा होणार हे अशा रीतीने प्रकाश ठरवतो, पण प्रत्यक्ष कोणत्या रात्री निघणार हे बरेचसे वाऱ्यावर अवलंबून असते. रात्र म्हणण्याचे कारण असे की बहुतेक लहान गाणारे पक्षी सूर्यास्तानंतर उड्डाण करतात. पट्टकादंब या स्थलांतरी हंसांवर बसवलेल्या, उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणाऱ्या संचांवरूनही असे दिसले की हिमालयाची चढण ते बहुतेकदा रात्री किंवा पहाटे, हवा थंड व दाट असताना पार करतात. त्यामुळे पाठीवर वारा असलेल्या स्वच्छ रात्रीनंतर झुडपे रिकामी आढळतील. उलट पाऊस किंवा समोरचा वारा लागला, तर वाटेतले पक्षी खाली उतरतात आणि दुसऱ्या सकाळी काही तासांपुरती झुडपे भरून जातात. रोज वारा व पाऊस यांची एक ओळ लिहायला मी सांगतो ती यासाठीच.

दुर्बीण 8×42 मापाची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी व 42 मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची, असली की पुरे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नकोस. रात्रभर उडून आलेल्या त्या जीवाला खाण्यासाठी व विसाव्यासाठी हीच सकाळ मिळालेली असते.

उद्यापासून सुरुवात कर, आणि दोन महिन्यांनी वहीची पाने मला पाठव. ज्या सकाळी एकही पाहुणा दिसला नाही, तीही पाने त्यांत असू देत.

तुझा स्नेहांकित