दृष्टिहीन वाचकांसाठी चित्रवर्णन लिहिताना रंग सांगावेत का?

सांगावेत, पण रंग चित्रात काही काम करत असेल तरच. रसायनशास्त्राच्या पुस्तकात निळा लिटमस आम्लात लाल होतो, तिथे रंग हीच माहिती आहे. तो गाळला तर वर्णनाला अर्थच उरत नाही. उलट, वर्तुळाचे भाग दाखवणाऱ्या आकृतीत त्रिज्या हिरवी आहे की जांभळी, याने काही फरक पडत नाही. ते सोडून द्या.

सर्वात जास्त चुका आलेखांत होतात. ‘लाल रेषा वर जाते, निळी खाली येते’ एवढ्यावर थांबू नका, कारण कोणती रेषा कशाची हेच त्यातून कळत नाही. ‘शहरी लोकसंख्येची रेषा (लाल) चढते, ग्रामीण लोकसंख्येची (निळी) उतरते’ असे लिहा. आधी अर्थ, मग रंग. रंग कंसात ठेवायचा तो अशासाठी की शेजारच्या मजकुरात किंवा प्रश्नात ‘लाल रेषा पाहा’ असे असेल, तर वाचकाला ती ओळखता यावी.

‘जन्मांध माणसाला रंगाचे काय?’ हा विचार कृपया करू नका. अनेकांची दृष्टी नंतर गेलेली असते, काहींना अंधुक दिसते, आणि शोकाचा किंवा धोक्याचा रंग कोणता हे सगळ्यांनाच ठाऊक असते. म्हणून ‘लाल म्हणजे आगीसारखा’ असली स्पष्टीकरणेही नकोत. साधी नावे वापरा: गडद निळा, फिकट पिवळा. छटांचे सांकेतिक क्रमांक नकोत, कारण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) ते एकेक अक्षर वाचत बसतो.