चांगुलपणासाठी बक्षीस द्यावे का? पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

मूल्ये ही मुलाच्या हाती ठेवायची वस्तू आहे आणि योग्य युक्ती सापडली की ती एकदाची देऊन मोकळे होता येते, हा गैरसमज याही वेळच्या पत्रांत पुन्हा दिसला.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी खोटे बोलू लागली आहे. हे वळण कायम राहील का?

उत्तर : नाही, दुसऱ्याला आपल्या मनातले दिसत नाही, हे साधारण याच वयात उमगते आणि खोटे बोलणे ही त्या समजेचीच एक बाजू आहे, मात्र तिला ‘खोटारडी’ म्हणू नका.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला खरे बोलल्याबद्दल, आजीला मदत केल्याबद्दल आम्ही चांदण्या देतो, दहा चांदण्या झाल्या की खेळणे. आता चांदणी मिळणार नसेल तर तो जागचा हलत नाही. चांदण्या वाढवाव्यात का?

उत्तर : वाढवू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले होती. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे घात बक्षिसाने नव्हे, सौद्याने केला. दात घासण्यासारख्या सवयीपुरती, थोड्या दिवसांसाठी चांदणी चालेल. पण आजीला हात देण्याचा मोबदला ठरवला की आजी बाजूला राहते आणि मुलाचे लक्ष हिशेबावर जाते. साठलेल्या चांदण्यांचे कबूल केलेले खेळणे आधी द्या, कारण तुम्ही दिलेला शब्द पाळता, हे त्याला दिसले पाहिजे. मग हा प्रकार बंद होत असल्याचे सरळ सांगा, काही आठवडे कुरकुर सोसा आणि त्याने मदत केली की ‘तू हात दिलास म्हणून आजीला उठणे सोपे गेले’ एवढेच म्हणा. (फोनवर ‘मी घरी नाही म्हणून सांग’ असे त्याच मुलाकडून वदवून घेणारे पालकही मला भेटतात, तेथे चांदण्यांची चर्चाच व्यर्थ.) अतिचंचलतेसारख्या अडचणीसाठी तज्ज्ञांनी अशी पद्धत आखून दिली असेल, तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय ती थांबवू नका.

प्रश्न : बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव कळतो, असे एका नातेवाइकांनी सांगितले. चाचणी करावी का?

उत्तर : करू नये. ठसे गर्भातच तयार होतात आणि त्यांवरून मुलाचा स्वभाव किंवा कल सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. त्या अहवालांतील मोघम वाक्ये कोणत्याही मुलाला लागू पडतात, आणि धंदा चालतो तो त्यावरच.

प्रश्न : तेरा वर्षांचा मुलगा चार महिन्यांपासून घरातले पैसे उचलतो, मित्रांना टाळतो, रात्री जागतो, सतत चिडतो. ‘वयच असे आहे’ असे सगळे म्हणतात. आमचे संस्कार कमी पडले का?

उत्तर : चार महिने कशासाठी थांबलात? हा संस्कारांचा हिशेब मांडण्याचा प्रसंग नाही. कुमारवयातले नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीतून दिसू शकते. शिवाय कोणी धमकावून त्याच्याकडून पैसे उकळत आहे का, काही व्यसन लागले आहे का, हेही तपासावे लागेल, आणि ते पत्रावरून होत नाही. उलटतपासणी न घेता त्याच्याशी एकांतात बोला आणि याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.