फीटल मेडिसिनमध्ये पेशंट आणि संशोधन दोन्ही जमतं का?

तुम्ही विचारलंय की स्त्रीरोगातलं एमएस संपत आलंय, फीटल मेडिसिनची, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणी-उपचारांची, फेलोशिप करायची इच्छा आहे, पण पेशंट आणि संशोधन दोन्ही जमतं, की एकावर पाणी सोडावं लागतं? मी पुण्यात १४ वर्षं हेच करतेय, म्हणून लिहिते.

जमतं. फक्त संशोधन म्हटल्यावर प्रयोगशाळा डोळ्यासमोर येत असेल तर ती पुसून टाका. माझं बरंचसं संशोधन फोनवर झालंय. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की पोरगी निघाली बार्शीला नाहीतर धुळ्याला. एनटी, अ‍ॅनॉमली स्कॅन, डॉपलर, गर्भारपणातल्या या सगळ्या सोनोग्राफी माझ्याकडे आणि बाळ जन्मतं तिकडच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये. फाइलवर नंबर नवऱ्याचा, तो शिफ्टला. मग सासूबाईंचा, मग आईचा. ‘वजन किती भरलं हो बाळाचं?’ एवढं विचारायला चार-चार फोन. एका आजींनी मला पोलिओवाली समजून घराचा पत्ताही सांगून टाकला होता.

पहिल्या अभ्यासात मी मोठी चूक केली. ज्या बायका फोनवर सापडल्या नाहीत त्यांना यादीतून सरळ वगळलं. आकडे छान दिसत होते. नंतर सहज म्हणून त्यातल्या एकीला पुन्हा फोन लावला, तिच्या भावाने उचलला. बाळ आठव्या दिवशी गेलं होतं, म्हणून घरचे दवाखान्याचा फोन घेतच नव्हते. ज्यांचं वाईट झालं त्याच न सापडण्याची शक्यता जास्त, हे पुस्तकात वाचलेलं होतं. कळलं त्या दिवशी. सगळी यादी पुन्हा उघडली.

प्रत्येक बाळाचं पुढे काय झालं हे मोजणं का महत्त्वाचं, त्याचं आपल्या जवळचं उदाहरण देते. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टिरॉइड देतो, हे तुम्ही रोज करता. मुळात ते न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर काम करताना सुचलं आणि १९७२ मध्ये त्यांनी हॉवी यांच्यासोबत ते बायकांवर सिद्ध केलं. मग हे इंजेक्शन खेड्यापाड्यांतही सर्रास द्यायला हवं, असं कुणालाही वाटेल. तसा अभ्यास झाला, सहा देशांत, सुमारे १ लाख बाळंतपणांवर, आणि त्यात नागपूर नि बेळगावचा भाग होता. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा: जिथे हा कार्यक्रम राबवला तिथे एकूण नवजात मृत्यू वाढले होते. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणी पुढे पूर्ण दिवसांच्या बाळंत झाल्या होत्या. म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांनाही ते गेलं होतं. पुढे २०२० चा जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास आला. पाच देशांतल्या २८५२ बायका, त्यात बेळगावच्याही. पण या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेले, बाळंतपण खरंच जवळ आलेलं आणि रुग्णालयात बाळाची काळजी घ्यायची सोय. तिथे मात्र बाळं वाचली. औषध त्याच जातीचं. फरक कुणाला, कधी आणि कुठे दिलं, याचा.

आता पेशंटची बाजू. आरएच निगेटिव्ह बाई, पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांत द्यायचं अँटी-डी, म्हणजे आईच्या शरीराने पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू नये म्हणूनचं इंजेक्शन, कुणी दिलंच नाही. दुसऱ्या खेपेला २८ व्या आठवड्यात आली. बाळाच्या मेंदूतल्या धमनीत रक्ताचा वेग त्या आठवड्यांच्या बाळांच्या मध्यकाच्या (मधल्या आकड्याच्या) दीडपटीच्या वर गेला की बाळाला जास्त अ‍ॅनिमिया आहे असं धरतो. ही रेषा २००० सालच्या एका अभ्यासाने दिली. त्याआधी हेच कळायला गर्भजलात पुन्हापुन्हा सुई घालावी लागे. मग बाळाला पोटातच द्यायला ओ निगेटिव्ह, आईशी जुळवलेलं, घट्ट केलेलं रक्त मागवायचं. लांब सुई पोटातून आत, नाळ वारेला चिकटते तिथल्या शिरेत. रेसिडेंट सिरिंज दाबत मोजते, ‘दहा... वीस...’ आणि पडद्यावर नाळेतून चांदीचा भुगा वाहत गेल्यासारखं दिसतं. आई दुसऱ्या पडद्याकडे बघत असते. सगळं मिळून अर्धा कप चहाएवढं रक्त. आपण श्वास धरून ठेवला होता हे सुई बाहेर आल्यावर लक्षात येतं.

असे दिवस थोडे. एरवी ‘सगळं ठीक आहे’ सांगणं, गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा एफ फॉर्म भरणं, ‘पेढा की जिलेबी’ (मुलगा की मुलगी) या प्रश्नावर मख्ख चेहरा ठेवणं, आणि दर काही दिवसांनी एखाद्या जोडप्याला खुर्चीत बसवून वाईट बातमी देणं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपातासाठी मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, पण तो कागद हातात देताना काय बोलायचं ते फेलोशिपमध्ये कुणी फारसं शिकवत नाही. पैशाचं म्हणाल तर नुसत्या बाळंतपणांच्या प्रॅक्टिसपेक्षा सुरुवातीला कमी. मशीन स्वतःचं घ्यायची घाई करू नका.

फेलोशिपच्या मुलाखतीला जाल तिथे एक विचारा: बाळांच्या निकालाचं रजिस्टर कोण ठेवतं? मशीन कुठलं ते सगळे उत्साहाने दाखवतील. रजिस्टर काढून दाखवणारं सेंटर सापडलं, तर गाव कुठलंही असो, तिथे जा. आणि फोनच्या बिलाची सवय ठेवा.